पाठभेद आणि कृत्रिम क्षितिज

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पनवेल तालुक्यातील कामोठे ही या विमानतळाच्या शेजारची वस्ती. आधी खाडीकाठचे गाव, मग सिडकोने आखलेला विभाग आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेचा भाग, असे टप्पे ओलांडून आलेल्या या वस्तीच्या वाट्याला आता आकाशातील रहदारीही आली आहे. विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्याच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच : हे एवढे मोठे यंत्र वरच्या वर बिघडले तर काय होते? त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते. विमानात प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोन-दोन, तीन-तीन असते. एक बिघडली तर दुसरी असते.

हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. दोन दर्शकांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या तर विश्वास कोणावर ठेवायचा? तिघांपैकी दोघांचे एकमत झाले, तर ते दोघे खरेच बोलत असतील कशावरून? विमानाच्या नियंत्रणयंत्रणेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न नवे नाहीत. जुन्या ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून मूळ पाठ ठरवताना संपादकाला नेमके हेच विचारावे लागते. म्हणून हा इतिहास पाठचिकित्सेच्या अंगाने वाचून पाहावा, असे आम्हांस वाटले.

मराठीला ही विद्या परकी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ पाहूनच. पुढे विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी बाराशेंहून अधिक पोथ्या पाहण्यात आल्या. १९२५ पासून या प्रकल्पाची सूत्रे हाती घेतलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा : पोथ्या मोजायच्या नाहीत, त्यांची कुळे पाहायची. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास नकलांत एक पाठ असला, तर तो पन्नास साक्षीदारांचा पुरावा ठरत नाही. तो एकाच साक्षीदाराचा पन्नासदा ऐकलेला शब्द असतो. उलट काश्मीरची शारदा लिपीतील पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतील पोथी यांचा परस्परांशी संबंध नसताना दोन्हींत तोच पाठ सापडला, तर त्या दोनच साक्षींना मोठे वजन येते. एकमताची किंमत साक्षीदारांच्या संख्येवर ठरत नाही, त्यांच्या स्वातंत्र्यावर ठरते.

हे सूत्र हाती घेऊन आता १ जानेवारी १९७८ च्या रात्रीकडे वळू. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ जातीचे विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. १९७१ मध्ये दाखल झालेले हे एअर इंडियाचे पहिले जंबो जेट. विमानात २१३ माणसे होती. धावपट्टी सोडून ते पश्चिमेला समुद्रावर आले, उजवीकडे किंचित वळले आणि पुन्हा सरळ झाले. परंतु कॅप्टनसमोरचा दर्शक सरळ झाला नाही. विमान उजवीकडे कललेलेच आहे असे तो दाखवत राहिला.

हा दर्शक म्हणजे कृत्रिम क्षितिज. दिवसा वैमानिकाला खरे क्षितिज दिसते. रात्री समुद्रावर आकाश आणि पाणी यांच्यातली रेषा नाहीशी होते. शरीराच्या जाणिवेवर अशा वेळी विसंबता येत नाही. कानाच्या आतल्या भागातील तोल सांभाळणारी इंद्रिये हळू होणारा कल ओळखत नाहीत आणि नंतर भलताच कल असल्याचा भास देतात. म्हणून वैमानिकाला शिकवलेले असते की देहाचे ऐकू नये, दर्शकाचे ऐकावे. कॅप्टनने तेच केले. दर्शक उजवा कल दाखवीत होता, म्हणून त्याने विमान डावीकडे वळवले; दर्शक हलेना, म्हणून आणखी डावीकडे. विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कलंडले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळले. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. कोणीही वाचले नाही.

त्या कक्षात कृत्रिम क्षितिजे तीन होती : कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर दुसरे आणि दोघांना दिसेल असे एक राखीव. बिघडले ते एकच. म्हणजे खरे सांगणारे साक्षीदार बहुमतात होते. आपला दर्शक बिघडल्याची शंका कॅप्टनने बोलून दाखवली होती आणि त्या दर्शकावर जाऊ नका असे सांगण्याचा प्रयत्न फ्लाइट इंजिनिअरने शेवटच्या क्षणांत केला, हे ध्वनिमुद्रणावरून कळते. तथापि तीन साक्षी ताडून पाहायला जेवढी उसंत लागते तेवढी उरली नव्हती. कॅप्टनच्या दर्शकातील बिघाड, त्यामुळे विमानाच्या स्थितीचे सुटलेले भान आणि इतर दर्शकांच्या आधारे ते सावरण्यात आलेले अपयश, असा अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष होता. उत्पादकांवर अमेरिकेत लावलेला दावा तेथील न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर पोथ्या पुरेशा होत्या आणि स्वतंत्रही होत्या. संपादकाला मात्र त्या ताडून पाहायला सेकंदच मिळाले.

त्याच जातीच्या विमानाने १९८५ मध्ये दुसरा धडा दिला. बोइंग ७४७ मध्ये वैमानिकाच्या हातातील दांडा पोलादी तारांनी मागच्या झडपांना जोडलेला असतो, पण पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते पृष्ठभाग प्रत्यक्ष वळवतो तो दाबाखालील द्रव. विमानाचे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, पंख कलवणारे एलेरॉन आणि नाक डावी-उजवीकडे फिरवणारे रडर हे पृष्ठभाग एवढे जड असतात की माणसाच्या बळाने हलत नाहीत. त्यासाठी या विमानात चार वेगवेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा ठेवल्या होत्या. चारही एकाच वेळी जाणे अशक्यप्राय मानले जात होते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमानाचा मागचा दाबरोधक पडदा फाटला. त्याची सात वर्षांपूर्वीची दुरुस्ती सदोष होती. आतल्या हवेच्या लोटाने शेपटीचा मोठा भाग उडाला आणि तेथून जाणाऱ्या चारही यंत्रणांच्या नळ्या एकदम तुटल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करीत ते विमान सुमारे अर्धा तास हवेत ठेवले. अखेर ते डोंगरावर आदळले. ५२४ पैकी चौघीच वाचल्या. चार पोथ्या एकाच पेटीत ठेवल्या आणि पेटीला आग लागली, तर चार असण्याला काही अर्थ राहत नाही.

यानंतरचे पर्व एअरबस ए-३२० या विमानाचे. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेले आणि १९८८ मध्ये सेवेत आलेले हे विमान प्रवासी वाहतुकीत एक मोठा बदल घेऊन आले. यात वैमानिकाचा हात आणि विमानाचा पंख यांच्यामध्ये संगणक बसला. वैमानिक बाजूची छोटी दांडी हलवतो. ती हालचाल विजेच्या संकेतरूपाने संगणकाकडे जाते. संगणक ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मग पृष्ठभागांना आज्ञा देतो. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कायमचा एक भाष्यकार आला असे म्हणता येईल. हा भाष्यकार वैमानिकाला काही गोष्टी करूच देत नाही. दांडी पूर्ण मागे ओढली तरी पंखावरचा हवेचा आधार सुटेल इतके नाक तो वर जाऊ देत नाही.

साहजिकच या भाष्यकारावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न त्याच्या रचनाकारांपुढे होता. त्यांचे उत्तर सुकथनकरांना पटले असते, असे आम्हांस वाटते. उड्डाण-नियंत्रणाचे संगणक सात ठेवले गेले आणि ते तीन प्रकारचे केले : दोन, तीन आणि दोन. दांडीच्या आज्ञा पाळणाऱ्या दोन मुख्य प्रकारांचे निर्माते वेगळे, त्यांतील मायक्रोप्रोसेसर वेगळे, आज्ञावली लिहिणारे गट वेगळे. एका गटाच्या लिखाणात चूक राहिली तर तीच चूक दुसऱ्या गटाच्या लिखाणात उतरू नये, हा हेतू. प्रत्येक संगणकाच्या आतही दोन भाग असतात. एक आज्ञा काढतो, दुसरा तीच आकडेमोड स्वतंत्रपणे करून पहिल्याला तपासतो. दोघांचे जमले नाही तर तो संगणक आपला शब्द लादत बसत नाही. स्वतःहून बाजूला होतो आणि काम दुसऱ्याकडे जाते. बोइंगने ७७७ मध्ये याच दिशेने तीन मुख्य संगणक ठेवले आणि प्रत्येकात तीन वेगवेगळ्या जातींचे प्रोसेसर बसवले. पोथ्या वेगळ्या कुळांतून मिळवायच्या, हा विचार येथे यंत्ररचनेचा नियम झाला.

बिघाड वाढत गेले तर ए-३२० पायरीपायरीने खाली उतरते. या पायऱ्यांना वैमानिक ‘लॉ’ म्हणतात. नॉर्मल लॉमध्ये सर्व संरक्षणे शाबूत असतात. साक्षी अपुऱ्या किंवा विसंगत झाल्या की ऑल्टर्नेट लॉ येतो आणि काही संरक्षणे निघून जातात. त्याखाली डायरेक्ट लॉ, ज्यात दांडी जितकी हलेल तितका पृष्ठभाग हलतो. भाष्यकार गप्प होतो. सगळे संगणक गेले तरी एक चाक आणि पायाखालचे पेडल यांनी विमान काही काळ सावरून धरता येते. जेवढा पुरावा तेवढाच अधिकार, असे या व्यवस्थेचे तत्त्व आहे. आपल्याला कमी कळते आहे हे ओळखून कमी बोलणे, हा गुण ग्रंथसंपादकांतही दुर्मिळ असतो.

हे विमान भारतात आले ते १९८९ मध्ये, इंडियन एअरलाइन्सकडे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले नवेकोरे ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर उतरले आणि पुढे जाऊन पेटले. १४६ पैकी ९२ जण गेले. येथे एकही संगणक बिघडला नव्हता, एकही दर्शक खोटे बोलत नव्हता. विमान उतरताना स्वयंचलित यंत्रणा अशा स्थितीत गेली होती की इंजिने अगदी मंद चालावीत आणि नाकाच्या कोनावर वेग सांभाळावा. उतरण्याचा वेग ठरवण्याऐवजी चुकून शेजारच्या कळीने उंचीचा आकडा बदलला गेला असावा, ही शक्यता चौकशीत पुढे आली. एका वैमानिकाचा मार्गदर्शक-दर्शक बंद आणि दुसऱ्याचा चालू राहिला; दोन्ही बंद झाले असते तर यंत्रणा वेग सांभाळण्याकडे वळली असती. वेग घटत गेला आणि तो घटतो आहे असे दर्शक दाखवीतही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशी आयोगाने परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही यावर बोट ठेवले. ते खरेच, पण आमच्या मते यात आणखी एक गोष्ट आहे. १९७८ मध्ये एक खोटा साक्षीदार होता. १९९० मध्ये सारे साक्षीदार खरे होते आणि पडद्यावरच्या लहान अक्षरांत लिहिलेला मजकूर त्या क्षणी कोणी वाचला नाही. यंत्र एका स्थितीत होते आणि माणसांच्या मनातले यंत्र दुसऱ्या स्थितीत. शुद्ध पाठही चुकीच्या अपेक्षेने वाचला तर चुकीचाच वाचला जातो.

बहुमताची परीक्षा पुढे झाली. विमानाचे नाक येणाऱ्या हवेशी किती कोन करते हे मोजायला ए-३२० च्या बाहेरच्या अंगावर तीन छोट्या फिरत्या पट्ट्या असतात. तिघींपैकी एकीचे म्हणणे वेगळे पडले तर संगणक तिला वगळून उरलेल्या दोघींवर चालतो. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पर्पिन्याँजवळ चाचणीसाठी उडालेल्या एका ए-३२० चे काय झाले पाहा. काही दिवसांपूर्वी ते विमान पाण्याने धुताना या पट्ट्या झाकलेल्या नव्हत्या. आत पाणी राहिले, वर गेल्यावर गोठले आणि दोन पट्ट्या जवळपास एकाच कोनात अडकल्या. तिसरी खरे बोलत होती. बहुमताच्या नियमाने तीच खोटी ठरली. वैमानिकांनी मंद वेगातील संरक्षण तपासायला घेतले तेव्हा ते संरक्षण जागेवर नव्हते. विमान समुद्रात पडून सातही जण गेले. ५ नोव्हेंबर २०१४ रोजी बिल्बाओहून म्युनिकला जाणाऱ्या लुफ्तांझाच्या ए-३२१ मध्ये पुन्हा तेच घडले. गोठलेल्या दोघींच्या साक्षीवरून संगणकाने धोका मानला आणि निरोगी विमानाचे नाक खाली दाबले. वैमानिकांनी दांडी मागे धरून ठेवली, जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी बोलून ती संरक्षणव्यवस्थाच बाजूला केली आणि सर्वांना सुखरूप उतरवले. त्यानंतर युरोपीय नियामकाने अशा प्रसंगासाठी जो तातडीचा आदेश काढला तो विचार करायला लावणारा आहे : हवेची माहिती पुरवणाऱ्या तीन एककांपैकी दोन बंद करा. मोजायला मतेच उरली नाहीत की खोटे बहुमतही उरत नाही. संगणक आपला अधिकार सोडतो आणि माणूस पुढे येतो.

त्या दोन पट्ट्या दिसायला दोन होत्या. एकाच पाण्याने भिजल्या आणि एकाच थंडीने गोठल्या म्हणून त्यांचे कूळ एक झाले. एका नकलेतून उतरलेल्या दोन पोथ्यांचा अपपाठ जुळतो, तसे त्यांचे खोटे जुळले. साक्षीदारांचे स्वातंत्र्य ही एकदा ठरवून कायम राहणारी गोष्ट नाही. पाणी, धूळ, घाईची दुरुस्ती यांनी ते नकळत नाहीसे होते, हे यातून शिकायचे.

आणि एकाच पोथीवर विसंबणे? राजवाड्यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तो पाठ एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. त्या एका साक्षीचा अधिकार किती, यावर मराठीत पुष्कळ चर्चा झाली आणि त्या चर्चेने अभ्यासाचे भलेच झाले. विमानात ती चर्चा करायला जागा नसते. बोइंग ७३७ मॅक्समध्ये नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा बसवली होती. विमानावर कोन मोजणाऱ्या पट्ट्या दोन होत्या, पण ही यंत्रणा एका वेळी एकीचेच ऐकत असे. त्या एकीने चुकीचे सांगितले तेव्हा यंत्रणेने पुनःपुन्हा नाक खाली दाबले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७ माणसे गेली. पहिल्या अपघातापर्यंत या यंत्रणेचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हता. पोथी एक, ती तपासणारा कोणी नाही आणि वाचकाला तिचे अस्तित्वही ठाऊक नाही : पाठचिकित्सेला ठाऊक असलेले तिन्ही दोष एकत्र आले. पुढच्या दुरुस्तीत दोन्ही पट्ट्या ताडून पाहण्याची सोय झाली. म्हणजे जी गोष्ट तीस वर्षांपूर्वी ठाऊक होती ती पुन्हा शिकावी लागली.

अगदी अलीकडचा प्रसंग ३० ऑक्टोबर २०२५ चा. अमेरिकेतील जेटब्लू कंपनीच्या ए-३२० चे नाक वैमानिकाने काही न करता एकाएकी खाली गेले आणि काही प्रवासी जखमी झाले. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणांमुळे नियंत्रण-संगणकातील माहितीत बिघाड होऊ शकतो, असे एअरबसने तपासानंतर सांगितले आणि २८ नोव्हेंबर रोजी जगभरातील सुमारे सहा हजार विमानांत तातडीचा बदल सुचवला. भारतातील शेकडो विमानेही त्यात होती. नकलकाराच्या हातून एक अक्षर बदलावे, तसा हा दोष. आपण त्याला हस्तदोष म्हणतो. उपायही आपल्या ओळखीचा : बहुतेक विमानांत आज्ञावलीची आधीची प्रत पुन्हा चढवण्यात आली. नव्या प्रतीत अपपाठाला वाट मिळते असे दिसले की संपादक जुन्या प्रतीकडे जातो, तसेच.

हा सारा इतिहास नजरेखालून घातला की ‘एक बिघडले तर दुसरे असते’ या उत्तरातली उणीव दिसते. १९७८ मध्ये दुसरे आणि तिसरे होते. ते ताडून पाहायला सवड मिळाली नाही. १९८५ मध्ये चार होते. ते एका जागी होते. १९९० मध्ये सारे नीट होते; ते वाचले गेले नाही. २००८ मध्ये बहुमत होते. ते खोटे होते. संख्या वाढवणे हा यांतल्या एकाही प्रसंगावर पुरेसा उपाय नव्हता. साक्षीदार खरोखर वेगळ्या कुळांतले असणे, त्यांचे वेगळेपण दररोजच्या देखभालीत टिकवणे, पुरावा कमी झाला की यंत्राने आपला अधिकार कमी करणे आणि शेवटी निवाडा करणाऱ्या माणसाला यंत्राचा पाठ वाचता येणे, अशा चार गोष्टी मिळून सुरक्षितता होते. विमानप्रवास आज पूर्वीपेक्षा कितीतरी निर्धोक आहे, तो या चारही गोष्टी प्रत्येक अपघातानंतर थोड्या थोड्या शिकल्या गेल्या म्हणून.

साहित्याच्या वर्गात पाठचिकित्सा हा विषय बहुधा रूक्ष म्हणून उरकला जातो. अमुक पोथीत अमुक पाठ, तमुक पोथीत तमुक, यात जीव घालण्यासारखे काय आहे, असे विद्यार्थ्यांना वाटते. पोथीच्या संपादकाला चाळीस वर्षांची मुदत मिळू शकते आणि त्याच्या चुकीने कोणी बुडत नाही, हे खरे. पण परस्परविरुद्ध साक्षींतून सत्य कसे निवडावे ही जी विद्या तो विद्यार्थी शिकतो आहे, तिच्याच आधाराने पनवेलच्या आकाशातून माणसे रोज सुखरूप खाली उतरतात, एवढे त्याला सांगायला हवे.